तिथलं ते इथं

१

आमच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात शिरलं की डाव्या हाताला काटाघर लागतं. पूर्वी तिथे कापसाच्या गाड्या तोलल्या जायच्या आणि मी खिडकीत बसून वजनाच्या चिठ्ठ्या फाडायचे. गुलाबी अळीच्या त्या साली दिग्रसला कापूस कमी आणि कीड जास्त आली. जिनिंग कधी चालायचं, कधी नाही. काटा बंदच पडला. माझी नोकरीही तेव्हाच जायची, पण यवतमाळच्या हेड ऑफिसातून इंद्रजित नावाचा कॉम्प्युटरवाला आला आणि त्याने काटाघरात एक सर्व्हर आणून ठेवला. खिडक्या बंद केल्या, एसी लावला आणि मला समोर बसवून समजावून सांगितलं.

"उर्वशीताई, हे स्टँडबाय हाय. यवतमाळच्या मेन मशीनमध्ये दिवसभर जे काही होते, ते सारं लॉग फाइलीत उतरते. त्या फाइली इकडे येतीन. तुम्ही त्या नंबरानं एकामागं एक चालवाच्या. तिथलं ते इथं, त्याच क्रमानं. उद्या तिथलं मशीन मेलं तं हे उठून उभं राह्यलं पाह्यजे, जसं काही झालंच नाही."

"अन् मधली एखादी फाइल हरपली तं?"

"तं पुढची घेत नाही हे. अडून बसते, पोट्टं रुसते तसं."

मी बारावी झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली. एवढं मला जमण्यासारखं होतं. माझे मिस्टर वारल्यापासून घरात मी आणि सासूबाई, दोघीच. काम मिळालं याचाच आनंद होता. काटाघर मी देवघरासारखं ठेवलं. चपला बाहेर, फिनाइलचं फडकं सकाळी आणि संध्याकाळी, मशीनवर धुतलेला पांढरा रुमाल. सासूबाई म्हणायच्या, "इतकं तं माये घरही नाही पुसत तू."

सुरुवातीला फाइली तारेतून आपोआप यायच्या. पावसाळा संपता संपता दारव्ह्याच्या रस्त्याचं काम निघालं आणि खोदताना ती तारच तुटली. मग इंद्रजितने दुसरी सोय केली. यवतमाळचा ऑपरेटर सेवादास रोज फाइली पेनड्राइव्हवर उतरवायचा, पेनड्राइव्ह साबणाच्या प्लास्टिक डबीत घालायचा, डबी कापडी पिशवीत, आणि पिशवी दिग्रसच्या एसटीत कंडक्टरजवळ द्यायचा. दुपारी मी स्टँडवर जाऊन ती घ्यायची. आपल्याकडे औषधं, डबे, लग्नपत्रिका असंच सगळं कंडक्टरच्या हातून जातं, त्यामुळे त्यात मला काही वेगळं वाटलं नाही.

कंडक्टर युनूसभाई ओळखीचे. पिशवी देताना एक दिवस त्यांनी ती हात लांब करून दिली.

"ताई, यात काय भेजून राह्यले? मटन गिटन तं नाही ना? पूरी गाडीत वास सुटला."

मी पिशवी नाकाशी नेली. ओल्या तंबाखूचा आणि कशाचा तरी गोडसर, शिळा वास होता. घरी नेऊन मी पिशवी धुतली. डबीही धुतली.

२

त्या दिवशी फाइली चालवायला लावल्या आणि कप विसळायला हातपंपावर गेले. परत आले तर दार लोटताना चिकट असं काहीतरी जाणवलं. दाराच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीवर पिंक होती.

खर्ऱ्याची, चुना लावून घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पिंक आमच्याकडे काही नवीन नाही. एसटी स्टँडचे खांब, सरकारी जिने, सगळे तसेच रंगलेले. पण ही माझ्या खोलीत होती. ताजी होती. तपकिरी लाल, मध्ये सुपारीचे कण, आणि कडेला थुंकीचे बुडबुडे अजून फुटत होते. वरून खाली ओघळ आला होता. छातीइतक्या उंचीवर तो ओघळ एका जागी अचानक वळला होता, जणू वाटेत काही आडवं आलं होतं. वळसा घालून पुन्हा सरळ खाली. मी तिथे बोट न लावता नीट पाहिलं. भिंत तर सपाट होती.

मी पदर नाकाला लावला आणि बाहेर जाऊन चौकीदाराला हाक मारली.

धावजी म्हातारा माणूस, गेटजवळ खाटेवर बसलेला असतो.

"धावजीबुवा, तुम्ही काटाघरात गेले होते का?"

"मी कायले जाऊ?"

"कोणीतरी थुकलं तिथं."

तो खाटेवरून उठला, माझ्यासमोर आला आणि तोंड आ करून दाखवलं. आत एकही दात नव्हता. "हे पाय बाई. मले खर्रा चाबाले दात कुठी हायत? मी तं भाकर भी कुस्करून खातो. उगाच गरिबावर आळ नको घेऊ."

मला लाज वाटली, पण राग गेला नाही. काटाघराची दुसरी किल्ली त्याच्याजवळ असायची. ती मी मागून घेतली. त्याने कमरेची सुटी करून दिली आणि म्हणाला, "ने. मंग काई झालं तं मले नको सांगजो."

मी पिंक खरवडली, फिनाइल ओतलं, चुना मारला. हात साबणाने पुन्हा पुन्हा धुतले. दुसऱ्या दिवशी पिशवी आली, फाइली चालल्या, आणि चुन्यावर नवीन पिंक उमटली. ओघळ त्याच जागी वळला होता.

३

मग कीबोर्ड चिकटायला लागला. बटणं दाबली की वर यायला वेळ घेत. उलटा करून आपटला तर टेबलावर सुपारीचे तुकडे पडले, ओले. मी सकाळी तोच कीबोर्ड सुती कपड्याने पुसला होता. खर्रा बांधून देतात तसली प्लास्टिकची एक पन्नी खणात निघाली, आत बोटांनी चोळल्याच्या खुणा होत्या. खुर्चीवर बसले की बैठक गरम लागायची. मी स्वतःला सांगायचे की मशीनचा गरम वारा तिकडे येत असेल.

उंदीर असतील असंही वाटलं. सरकीच्या ढिगामुळे आवारात उंदीर आहेतच. पण उंदीर पन्नी चोळत नाही.

शेवटी मी यवतमाळला फोन लावला. सेवादासशी माझं आजवर दोन-चार वाक्यांचंच बोलणं. तो नेहमी मान वर करून बोलत असावा, तोंडात काहीतरी सांभाळत. शब्द भिजल्यासारखे यायचे.

"बोला ताई. भेटली ना डबी?"

"भेटली भाऊ. डबीले वास येते जरासा."

"हात तसेच राह्यते ना माह्ये." तो हसला. हसताना घशात गुळगुळ झाली. "खर्रा घोटून राह्यलो का तसाच पेनड्राइव्ह काढतो. माफी द्या. बायको भी म्हणते, तुमचा मुका घेण्यापरीस पानठेल्याचा गल्ला चाटलेला बरा."

मला हसू यायला हवं होतं. मी विचारलं, "तुम्ही थुकता कुठं भाऊ?"

"अं?"

"ऑफिसात. थुकाले बाहेर जाता का?"

"बाहेर जाऊ देते का साहेब? घडी घडी उठलं का बोंबलते." पचकन आवाज आला, फोनजवळच. "दाराच्या मागं. कोपऱ्यात. काहून ताई, तुमच्यापर्यंत वास आला का?"

तो पुन्हा हसला. मी फोन ठेवला. मग दाराकडे पाहिलं. मी नुकतीच पुसलेली भिंत कोरडी होती. त्या दिवसाची पिशवी अजून यायची होती.

दुपारी मी स्टँडवर गेले, डबी आणली, फाइली चालवल्या आणि या वेळी बाहेर गेले नाही. खुर्ची फिरवून दाराच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून बसले. मशीन घरघरत होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. माझं मलाच बरं वाटलं. मग मशीन घरघरायचं थांबलं. काम संपल्याचा बारीकसा आवाज आला. त्यासरशी माझ्या तोंडात पाणी सुटलं, लिंबू पाहिल्यावर सुटतं तसं, गालातून, जिभेखालून, तोंड भरेपर्यंत. कडू आणि तुरट. जीभ चरचरली. मी उठून बाहेर धावणार होते. दारापर्यंत पोहोचले, आणि राहवलं नाही.

मीच थुंकले. कोपऱ्यात.

४

हे कोणाला सांगायचं? मी इंद्रजितला फोन करून विचारलं की फाइलींबरोबर आणखी काही येतं का. तो म्हणाला, "व्हायरस म्हणता का ताई? नाही येत. मी लावला हाय ना अँटिव्हायरस."

घरी मी दात घासायचे, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायचे, लवंग चावायचे. तरी सासूबाईंना कळलंच. मथुराबाई म्हणजे माझ्या सासूबाई. डोळ्यांना कमी दिसतं, पण नाक शाबूत. मी ताट वाढत होते, त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू खर्रा खातं का वं?"

"नाही ना मामी." सासूबाईंना मी मामीच म्हणते.

"माह्यासमोर खोटं नको बोलू. माह्या भावानं जलमभर खाल्ला. मले वास समजते." त्यांनी ताट सरकवलं. "पुनवेले विहारात बाया तुह्या मागं वंदना म्हणते. त्याच तोंडानं म्हणतं का?"

ते मला लागलं. आमच्या वस्तीच्या विहारात पौर्णिमेला बायकांची वंदना मी चालवते. आवाज काही गोड नाही, पण उच्चार स्वच्छ आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे. या जगात माझं म्हणण्यासारखं तेवढंच एक. घरी संध्याकाळी दिव्याजवळही मी त्रिशरण-पंचशील म्हणते. त्या संध्याकाळी पाचव्या शीलाशी आले, नशेपासून दूर राहण्याचं ते, आणि दाढेखालून सुपारीचा एक कण निघून जिभेवर आला. मी तो थुंकला नाही. दिव्यासमोर कशी थुंकणार? गिळला.

दिवाळीत एसटीचा संप झाला. गाड्या बंद, पिशव्या बंद. तितके दिवस कोपरा कोरडा राहिला, कीबोर्ड मोकळा झाला, तोंडाला पाण्याची चव पाण्यासारखी लागली. मी सासूबाईंसाठी अनारसे केले आणि स्वतःही खाल्ले. मनात म्हटलं, थकवा होता, दुसरं काय.

संप मिटला. पिशवी आली तेव्हा फुगलेली होती, कारण सेवादासने राहिलेल्या सगळ्या फाइली एकदम पाठवल्या होत्या, दोन डब्यांत.

५

त्यानंतरच्या सकाळी भाकरीचा घास तोंडात जाईना. घास मोठा झाला असं वाटून अर्धा केला. तोही ओठांना अडकला.

दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "तीन बोटं उभी घाला तोंडात." माझी दोन गेली, तीही दात लागून. त्यांनी आरशाची काडी घालून गाल आतून दाबला. मला ते दाबणं कळलंच नाही, गाल दुसऱ्याचा असल्यासारखा.

"किती वर्षं खाता?"

"मी कधीच खाल्ला नाही बाई."

"सगळ्या बायका असंच म्हणतात." त्यांनी आरसा माझ्या हातात दिला. "बघा."

माझ्या गालाची आतली कातडी पांढरी पडली होती. वाळत घातलेल्या चामड्यासारखी ताणलेली, मध्ये दोऱ्यांसारखे पट्टे. हिरड्यांच्या कडेला काळा थर होता, जुना, वर्षानुवर्षांचा. मी आरसा परत केला, कारण त्या तोंडाचा मला वास आला आणि ते माझं होतं.

"आज सोडलात तर इथेच थांबेल," त्या म्हणाल्या. "नाही सोडलात तर पुढे फोड येतात, मग भोकं पडतात. आहे ते परत उघडणार नाही, पण वाढायचं थांबेल."

सोडायचं काय, ते मला कळलं. त्यांना कळलं नाही.

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून सेवादासला फोन केला. बराच वेळ त्याने उचलला नाही. उचलला तेव्हा शब्द दातांच्या फटीतून येत होते.

"ताई, तोंड उघडत नाही आता. वरणाचं पाणी पेतो."

"दवाखान्यात गेले का भाऊ?"

"गेलतो. डाक्टर म्हणते नागपूरले जा. जाईन." मग तो म्हणाला, "फाइली भेटून राह्यल्या ना? सगळ्या चालवता ना?"

"चालवते."

"चालवत जा ताई. इकडे काही झालं, तरी तिकडे राहाते. तेवढंच बरं वाटते."

तो मशीनबद्दलच बोलत होता. मी स्वतःला तसं सांगितलं. माणूस भला होता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं.

६

दुसऱ्या दिवशीची डबी मी उघडली नाही.

जिनिंगच्या मागे नाकारलेल्या कापसाचा ढीग आहे. अळीने खाल्लेली बोंडं, भिजून कुजलेला कापूस, सडलेली सरकी. वरून राखेसारखा दिसतो. पाय पडला की आत गुलाबी वळवळ दिसते. तिकडे कोणी फिरकत नाही. मी पदर खोचला, कोपरापर्यंत हात त्या ढिगात घातला आणि डबी आत सोडली. आत ऊब होती. हात बाहेर काढला तेव्हा बांगड्यांमध्ये अळ्या होत्या. मी त्या एक एक करून काढल्या आणि रडले. इतकी घाण मी जाणूनबुजून कधी केली नव्हती.

पण उपाय लागू पडला. पुढच्या दिवशीच्या फाइली मशीनने घेतल्या नाहीत. पडद्यावर एकच ओळ येत राहिली: अमुक नंबरची फाइल हवी, मिळत नाही, पुन्हा पाहतो. पुन्हा पाहतो. पुन्हा पाहतो. कोपरा वाळला. तोंडात पाणी सुटलं नाही. बोटं दोनच जात होती, पण दोन जात होती.

इंद्रजितचा फोन आलाच.

"ताई, स्टँडबाय मागं पडून राह्यलं. मधली फाइल कुठी गेली?"

"त्या दिवशी पिशवी आलीच नाही."

"युनूसभाईनं हरपली का? आता त्याईले बोलतो."

"नको," मी म्हटलं. "माझ्याच हातून पडली असंन."

"मंग सेवादासले सांगतो, पुन्हा पाठव म्हणून." थोड्या वेळाने त्याने परत फोन केला. "जागा नव्हती म्हणून त्यानं तिकडून पुसून टाकली. म्हणजे कायमची गेली. गॅप पडली ताई."

"मंग आता?"

"आता हे असंच अडून राहीन. तार जोडली का पाहू."

मी किती दिवसांनी शांत झोपले. असंच अडून राहीन, हे शब्द मी उशाशी घेतले होते.

७

तरी मनाला खात्री हवी होती. सेवादास नागपूरला जाऊन आला आणि हट्टाने पुन्हा कामावर बसतो आहे, असं कळलं, तेव्हा मी सकाळच्या गाडीने यवतमाळला गेले. वाटेत विचार एकच. त्याच्या खोलीतली भिंत पाहायची. माझ्या भिंतीसारखी नसली, तर मी भ्रमिष्ट झाले म्हणायचं आणि डॉक्टर बदलायचा. भ्रमिष्ट होणं मला त्या दिवशी चाललं असतं.

हेड ऑफिसच्या तळघरात ती खोली होती. दार लोटलं तेव्हा ते जरा चिकटलं. मी आधी त्याच्याकडे पाहिलं नाही, दाराच्या मागे पाहिलं. वर्षानुवर्षांचे थर होते, लिंपल्यासारखे. सगळ्यांत वरचा ओघळ छातीइतक्या उंचीवर आला होता आणि तिथे वळला होता. तिथे भिंतीत एक जाडजूड खिळा ठोकलेला होता. ओघळ त्या खिळ्याला वळसा घालून खाली गेला होता.

"ताई?"

सेवादास खुर्चीत होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. अंगात स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, कपाळावर तेल लावून बसवलेले केस. नाकापासून गळ्यापर्यंत गमछा गुंडाळलेला. मी आले म्हणून तो उठायला लागला. मी बसा म्हटलं.

बोलणं त्याला जमत नव्हतं. त्याने हाताने विचारलं, पाणी? मी नको म्हटलं. टेबलावर स्टीलचा डबा होता, त्यात पातळ वरण. माझ्यासमोर पिताना त्याला संकोच वाटला असावा. तो तोंड फिरवून बसला, गमछा बाजूला सरकवला आणि नळी लावली. पाठमोऱ्या माणसाचा फक्त गाल दिसत होता मला. डावा.

मी एवढंच सांगते. तो घोट घशाखाली गेला नाही, आणि तोंडातूनही बाहेर आला नाही.

शर्टाची कॉलर पिवळी झाली. त्याने गमछाने टिपलं, सावकाश, सवयीने. वास माझ्यापर्यंत आला. पिशवीचा होता तोच.

मी पायऱ्या चढून वर आले आणि स्टँडची वाट धरली. मग हिशेब लागला. मी डबी गाडली त्यानंतरच्या सगळ्या फाइलींत हे होतं. माझं मशीन अडून बसलं होतं, म्हणून माझा गाल गाल होता.

८

पौर्णिमेच्या संध्याकाळी मी पांढरं पातळ नेसून सासूबाईंचा हात धरून विहारात गेले. बायका येऊन बसत होत्या, मेणबत्त्या लागत होत्या. मी चप्पल काढत होते तेवढ्यात इंद्रजितचा फोन आला. स्वर आनंदी होता.

"ताई, खुशखबर. तार जोडली. लाइन आली."

मी फोन घेऊन दारापासून बाजूला झाले.

"अन् ते गॅपचं भी निस्तरलं. आता एक एक फाइल शोधत बसाची गरजच नाही. मेन मशीनची पुरी नक्कल उतरवून घेऊन राह्यलो. पहिल्यापासून आजपर्यंत, सगळं एकदम. मंग पुढचं आपोआप येत राहीन. तुमचा तो पिशवीचा त्रास संपला."

"थांबव," मी दातांतून म्हटलं.

"अं? नीट आयकू नाही आलं."

"बंद कर इंद्रजित. नको."

"काहून?"

डबी कुठे आहे हे सांगू? की गाल सांगू?

"ताई, चालू झालं ना आता. मंधात तोडलं तं अर्धवट नक्कल काही कामाची नाही राहत. तुम्ही निवांत राहा. बाकी एक वाईट बातमी हाय. सेवादास दुपारी गेला. खुर्चीतच गेला. शेवटपर्यंत मशीनवर होता माणूस."

मी फोन कापला आणि धावजीला लावला. काटाघराचा मेन स्विच पाड, आत्ताच्या आत्ता, असं सांगितलं.

"स्विच अंदर हाय बाई. किल्ली तं तूच नेली ना माह्यापासून."

"दार तोड."

"दार कायले तोडू?" म्हातारा खाटेवरून उठल्याचा, चालत गेल्याचा आवाज आला. मग तो हळू आवाजात बोलला. "अंदर कोणाले बसवलं वं बाई तू? थुकून राह्यलं कोणी. लय थुकून राह्यलं. थांबूनच नाही राह्यलं."

जिनिंग गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी चप्पल पुन्हा पायात घातली. सासूबाईंनी माझा दंड धरला.

"कुठी चालली? साऱ्या बसल्या. सुरू कर."

आतून सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. हात जोडलेले, पांढरे पदर डोक्यावरून. मी जिभेने गाल चाचपला. होता. कोरडा होता. म्हटलं, हीच परीक्षा. तोंड उघडलं आणि पहिली ओळ नीट निघाली तर या सगळ्यात काहीच नाही. एक आजारी माणूस, एक मशीन आणि एक घाबरट बाई, बस. धावजी म्हातारा, त्याला भास झाला असेल. मी चप्पल काढून आत गेले, माझ्या जागेवर बसले, हात जोडले. आजूबाजूचं बोलणं थांबलं. मेणबत्तीचं मेण वितळल्याचा वाससुद्धा स्वच्छ येत होता.

मी तोंड उघडायला गेले. ओठ हलले. दात हलले नाहीत.

बायका थांबल्या होत्या. शेजारी बसलेल्या बिजलीबाईने खोकून मला आठवण करून दिली. मी पुन्हा जोर केला, मानेच्या शिरा ताणेपर्यंत. जबडे एकमेकांत रुतलेले, आणि आत, बंद दातांच्या मागे, पाणी सुटायला लागलं. कडू, तुरट, कोमट. जिभेखालून, गालांतून, भरत गेलं. गिळायला गेले तर घसा घेईना.

"उर्वशी," सासूबाई कुजबुजल्या, आणि त्यांचं नाक आक्रसलं. त्यांनी आपला पांढरा पदर माझ्यापासून आवरून घेतला.

मी खाली पाहिलं. माझ्या पांढऱ्या पातळावर, डाव्या बाजूला, तपकिरी लाल थेंब पडला. मग दुसरा.

माझं तोंड बंदच होतं.